त्या गाण्यातला ‘या’

“लाइव्ह म्हंजे लाइव्ह! बाकी समद्यायले पावडर लावेल हाय!” असं छताला तडा जाईल एवढ्या आवाजात ओरडून गजूभाऊनं वस्तरा माझ्या गळ्याच्या घाटीवर टेकवला, आणि तो तिथेच विसरून आरशातल्या मास्तरांकडे डोळे वटारले.

गजूभाऊचं सलून उमरखेडच्या बसस्थानकासमोर आहे. मार्गशीर्षातली कोवळी सकाळ होती. दाराच्या जाळीतून गाळून आलेलं ऊन फरशीवरच्या कापलेल्या केसांना उगाचच सोन्याचा मुलामा देत होतं, तुरटीचा थंड, धातूसारखा वास ओल्या टॉवेलांच्या वासात मिसळत होता, आणि मी, ज्याच्या एका घोषणेसरशी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे पोपट एकदम आकाशात उडतात असा ज्याचा लौकिक आहे (तो मीच पसरवलेला आहे), श्वास रोखून बसलो होतो. थुंकी गिळावी तर घाटी वर चढेल आणि वस्तऱ्याची भेट घेईल, म्हणून तीही तोंडात धरून ठेवली होती. माणसाला आपला गळा हा केवढा उघडा, केवढा निराधार प्रदेश आहे हे अशाच वेळी कळतं.

मी निवेदक आहे. लग्नाचं स्वागत असो, शंकरपटातल्या बैलांच्या शर्यतीचं समालोचन असो की भजनस्पर्धा, माइकच्या मागे मी असतो. आमच्या भागात ‘वखर’ नावाचा रॉक बँड आहे, त्याचाही निवेदक मीच. वखरचं एकच गाणं गाजलं. पण असं गाजलं की म्हशीसुद्धा ते लागल्यावर ठेक्यात रवंथ करतात. ‘कोन हाय तिकडे?’ हे त्याचं नाव. गायक तारस्वरात विचारतो, “कोन हाय तिकडे?” आणि समोरून उत्तर यायचं असतं, “मी हाय!” बस्, एवढंच. या एवढ्याशा गाण्याच्या तीन आवृत्त्या आहेत, आणि त्या तीन आवृत्त्यांवरून उमरखेडात सख्खे साडू एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत.

पहिली स्टुडिओतली. ती पुण्याला काचेच्या खोलीत बसून केली. तिच्यात “मी हाय!” हे उत्तर बँडमधल्या चौघांनीच पुन्हापुन्हा म्हणून हजार माणसांचं केलं आहे. तिचे कैवारी म्हणजे आमचे मास्तर. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतात आणि कानाला मोठाले हेडफोन लावून फिरतात. दुसरी मुकुटबनच्या कार्यक्रमातली, कुणाच्या तरी मोबाइलवर टिपली गेलेली, लाइव्ह. तिचा कैवारी गजूभाऊ, आणि त्याच्या हातात वस्तरा. तिसरी रिमिक्स. ती डीजे रॉकीनं केली. रॉकी म्हणजे राकेश. तोही त्या सकाळी सलूनच्या बाकावर पाय हलवत बसला होता.

“गजानन,” मास्तर आरशातून म्हणाले, “ध्वनी शुद्ध असावा लागतो. स्टुडिओच्या आवृत्तीत तार थरथरायची थांबते तेसुद्धा ऐकू येतं. तुझ्या लाइव्हमध्ये काय ऐकू येतं? खुर्च्या!”

“खुर्च्याच तं ऐकाच्या हायेत, मास्तर! पब्लिक कसं उठते, कसं गर्जते! तुमचं स्टुडिओवालं म्हंजे फोटो काढाच्या आधी पोराले तेल चोपडून भांग पाडते ना, तसं हाय.”

“दोघंई म्हातारे झाले तुमी,” रॉकी म्हणाला. “नाचून दाखवा बरं त्याच्यावर. माह्या रिमिक्समधी तो ‘या, या, या’ लागला का नवरदेव घोड्यावरून खाली उतरते.”

आणि इथून वाद त्या ‘या’वर आला. रिमिक्सच्या मधोमध सगळी वाद्यं थांबतात आणि एक अणकुचीदार आवाज ठोक्याठोक्याला येतो: ज्या, या, या, या. त्यावर जिल्हा नाचतो. रॉकीचं म्हणणं, तो इंग्रजीतला ‘या’ आहे, होकाराचा, रॉकमध्ये असतोच. खुद्द त्यानं तो त्या लाइव्हमधून कापून उचलला होता, पण मूळचा काय होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. कानाला तिखट लागला म्हणून घेतला, एवढंच. गजूभाऊचं म्हणणं, मुकुटबनच्या कार्यक्रमात कुणी मोठे भाऊ आले होते, गायकानं त्यांना ‘या भाऊ, या’ म्हणून बोलावलं, तोच हा ‘या’. मास्तरांच्या मते तो मानवी आवाजच नव्हे, ध्वनिवर्धकाची शिटी.

“सर, तुमी तं तिथं स्टेजवर होते,” गजूभाऊ माझ्यावर वाकला. वस्तरा अजून तिथेच. “तुमीच सांगा. कोनाचा हाय तो या?”

मला ठाऊक होतं. मी सांगितलंही होतं, एकदा, याच खुर्चीत बसून. तेव्हा गजूभाऊ पोट धरून हसला होता आणि म्हणाला होता, “सर, मागं तुमच्या पैनगंगेतली मगर पन भैरवी गात होती ना?” ती मगर मी खरंच सांगितली होती. आयुष्यभर एकाचे दहा करून सांगणाऱ्या माणसाच्या वाट्याला हा एक विलक्षण एकांत येतो: ज्या दिवशी त्याच्यापाशी एकाचं एकच असतं, त्या दिवशी त्याला श्रोता मिळत नाही.

“आधी वस्तरा काढ,” मी दातांच्या फटीतून म्हणालो. तो काढताक्षणी खुर्चीतून उठलो आणि अर्धी दाढी झालेली, अर्धी साबणात, अशा अवस्थेत फुलसावंगीची एसटी पकडली. जायचंच होतं. उमरखेडात पुढच्या पंधरवड्यात वखरचा कार्यक्रम ठरत होता, आणि चाहत्यांची मागणी होती की ‘कोन हाय तिकडे?’ लाइव्हसारखंच झालं पाहिजे. गजूभाऊनं तर तालीमही घेतली होती, गायकानं प्रश्न विचारला की सबंध मैदानानं एका आवाजात ओरडायचं, “मोठे भाऊ आले!” त्याला गायकाचा होकार आणण्याचं काम माझ्याकडे होतं. खिडकीशी बसलो. वाऱ्यानं गालावरचा साबण वाळत गेला आणि कातडी ओढली जाऊ लागली. वाटत राहिलं, चेहऱ्याच्या एका बाजूला कुणीतरी थंड हात ठेवून बसलं आहे.

गायक विजय. सगळे त्याला विज्या म्हणतात. फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावरचा. पिढ्यांमागे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथे घालणाऱ्या बंजाऱ्यांचा वंशज, आणि आता थोड्या कापसाचा, थोड्या तुरीचा मालक. त्याच्या गाण्याचा उगम सांगण्यासारखा आहे आणि त्यात मी काहीही मिसळलेलं नाही. लहानपणी तिन्हीसांजेला तो रानातून घरी यायचा तेव्हा चुलीशी बसलेली त्याची आई, तिला तो त्यांच्या बोलीत याडी म्हणतो, दाराशी पाऊल वाजलं की आतून विचारायची, “कुण छ?” कोण आहे? आणि तो अंधारातून म्हणायचा, “मं छू.” मी आहे. धुराचा, भाजलेल्या भाकरीचा वास, आणि त्या वासातून आलेला तो प्रश्न. त्या प्रश्नाला गिटार लावली, ढोल लावले, आणि त्याचं रॉक झालं. मला कधीकधी वाटतं, प्रत्येक गाण्याच्या तळाशी असा एखादा उंबरठा असतो, आणि आपण फक्त त्यावरची रांगोळी मोठी करत जातो.

मुकुटबन आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. उमरखेडाहून निघताना केलेली दाढी तिथे पोचेपर्यंत पुन्हा करण्याजोगी होते, इतकं दूर. दोन हिवाळ्यांपूर्वी तिथे आम्हांला बोलावणं आलं. सोयाबीन निघालेलं मोकळं वावर, त्यात मांडव; वावराच्या कडेला सागाचं जंगल, आणि सागाची पानं अशी मोठी, अशी वाळलेली, की एखादं पान गळून खाली पडलं तरी कुणीतरी पाऊल टाकल्याचा भास व्हावा. गावकऱ्यांची एकच अट होती: दिवेलागणीच्या आत संपवा. मला वाटलं, विजेचा काही घोळ असेल. कुणी कारण सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. कार्यक्रम मात्र लांबला. कार्यक्रम लांबतोच, कारण निवेदक मी असतो.

शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा सूर्य सागाच्या शेंड्यांमागे गेला होता, आणि आकाशात फिकट जांभळा, जखम बरी होताना दिसतो तसा रंग उरला होता. विज्याची याडी त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचं गाणं ऐकायला आली होती. हातभर बांगड्या घातलेली ती ठेंगणी बाई पुढच्या रांगेत, कर्ण्यापासून जरा लांब, पदर कानावर दाबून बसली होती. विज्या गाताना डोळे मिटतो. त्यानं डोळे मिटले, मान मागे टाकली आणि विचारलं, “कोन हाय तिकडे?”

उत्तर यायला हवं होतं, मी हाय. आलं ते अगदी मागून, जंगलाकडच्या कडेनं, आणि ओरडल्यासारखं नव्हे. कुणीतरी घसा आवळून बोलावं तसं. “मोठे भाऊ. मोठे भाऊ आले.”

आता आमच्या उमरखेडाकडे मोठे भाऊ म्हणजे फ्लेक्सवर हात जोडून उभा असतो तो माणूस. तो कार्यक्रमाला उशिरा येतो, त्याच्यासाठी पहिल्या रांगेतली सोफ्याची खुर्ची रिकामी ठेवतात, आणि तो आला की गाणं थांबवून त्याचं नाव घ्यावं लागतं. नाही घेतलं तर पुढचा कार्यक्रम मिळत नाही. विज्याला ही रीत मीच शिकवली होती. त्यानं मिटल्या डोळ्यांनीच बँडला हात केला, वाद्यं हळू झाली, आणि तो अत्यंत आदरानं माइकमध्ये म्हणाला, “या भाऊ, या! भाऊले समोर जागा द्या!”

मुकुटबनच्या बाजूला तिन्हीसांजेनंतर वाघाचं नाव घेत नाहीत. मोठे भाऊ म्हणतात.

हे मला नंतर कळलं, व्यासपीठाच्या फळ्यांखाली, जिथे मी किती वेगानं पोचलो ते सांगितलं तर पुन्हा मगरीचा विषय निघेल. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की समोरची सगळी माणसं एकाएकी निःशब्द झाली. असा निःशब्दपणा मी कधी अनुभवला नव्हता. जणू त्या वावरातला सगळा वारा कुणीतरी एका दमात आत ओढून घेतला. आणि मग ती गर्जना उठली, जिच्यासाठी गजूभाऊ प्राण द्यायला तयार आहे. खुर्च्या उलथल्या. मांडवाचा एक खांब वाकला. मोबाइलवर कार्यक्रम टिपणाऱ्या कुणाच्या तरी हातातून तो पडला आणि मातीत उताणा पडून तसाच ऐकत राहिला. गाण्यातली ती सर्वांत गाजलेली जागा, जिथे चाहते डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, बघा पब्लिक कसं पेटलं, ती जागा म्हणजे शेकडो माणसांचं भय आहे. भय आणि आनंद यांचा आवाज लांबून एकच ऐकू येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि माहीत झाल्यापासून मला कुठल्याही जल्लोषात निवांत बसता आलेलं नाही.

सगळी माणसं एका दिशेनं धावली आणि एक बाई उलट दिशेनं. याडी. व्यासपीठाकडे, जिथे तिचा मुलगा अजून डोळे मिटून, भाऊंच्या स्वागतासाठी हात पसरून उभा होता. तिनं हाक मारली, “विज्याऽऽ!” एकदाच. पण त्या हाकेला अशी धार होती की फळ्यांखाली असलेल्या माझ्या दातांतून कळ गेली.

कुणाला काही झालं नाही. वाघ कुणी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी जंगलाकडच्या कडेला पाऊलखुणा शोधायला लोक गेले, तर तिथे माणसांच्या पाऊलखुणांची इतकी दाटी झाली होती की आणखी कुणाची असेल तर ती तिच्याखाली गाडली गेली होती. तो होता की नव्हता, हे आजही ठरलेलं नाही. मातीत पडलेल्या मोबाइलनं मात्र सगळं टिपून घेतलं, आणि रॉकीनं त्या लाइव्हमधून ती हाक उचलली. ‘वि’ ढोलाच्या ठोक्याखाली गेला. राहिला ‘ज्या’, आणि त्याचं शेपूट कापून त्यानं पुन्हापुन्हा जोडलं: या, या, या.

तेव्हापासून लग्नसराईत विज्याची आई त्याला सगळ्या जिल्ह्यातून हाक मारते. महागावच्या मंगल कार्यालयातून मारते, ट्रॅक्टरवर लावलेल्या कर्ण्यातून मारते, पुसदच्या रस्त्यावर शेजारून जाणाऱ्या ऑटोतून मारते. सुरुवातीला तो प्रत्येक वेळी वळायचा. एकदा मोटारसायकलवर वळला आणि पुलाच्या कठड्याला घासून थांबला. गाणं त्यानं त्यानंतर पुन्हा कुठे गायलं नाही.

मी तांड्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. विज्या वावरात असल्याचं कळलं. पाऊलवाटेच्या एका बाजूला कापूस, बोंडांतून ओघळलेला, आणि दुसऱ्या बाजूला डोक्याहून उंच तूर, पिवळ्या फुलांनी अशी भरलेली की तिच्यात ऊन अडकून राहिल्यासारखं वाटावं. तुरीचा वास गोडसर, किंचित कडवट असतो. त्या वासात मधमाश्यांचा एक सलग, खालच्या पट्टीतला गुंजारव मिसळलेला होता. सुंदर होतं सगळं. पण तुरीच्या वावरात चार हातांपलीकडचं काही दिसत नाही, आणि मुकुटबननंतर मला जे दिसत नाही त्याच्याबद्दल फार कल्पना सुचतात.

विज्या बांधावर, कडुनिंबाखाली फवारणीचा पंप उघडून बसला होता. याडी तुरीपलीकडच्या पट्ट्यात कापूस वेचत होती. माझं अर्धं तोंड पाहून तो हसला. “सर, हा कोन्ता रिमिक्स?”

मी त्याला गजूभाऊची मागणी सांगितली. मैदानाची तालीम झाल्याचंही सांगितलं. त्याचं हसू हळूहळू विझत गेलं. पंपाचा वॉशर काढून त्यानं तो बोटांत फिरवला.

“समदे ‘मोठे भाऊ आले’ म्हनतीन,” तो म्हणाला. “आन् खरंच आले तं? मंग कोनी काय म्हनन, सर?”

एवढ्यात तांड्याच्या रस्त्यानं हळदीची मिरवणूक आली. गाडीवर कर्ण्यांची भिंत रचलेली, आणि तिच्यातून येणारा ठोका कानांआधी छातीत. रॉकीचं रिमिक्स. मी विज्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो दचकेल. तो दचकला नाही. वॉशर बसवत राहिला.

“आता मागं वयून पाहत नाही मी,” तो म्हणाला. “शिकलो. आवाज आला का मनाले सांगतो, डीजे हाय. भेव नाही वाटत आता.” मग थोडं थांबून, स्वतःशीच: “त्याचंच भेव वाटते.”

ज्या, या, या, या. कर्णे गर्जत होते. कडुनिंबाची पिवळी पानं ठोक्यासरशी गळत होती असं मी लिहिणार होतो. खरं म्हणजे ती आपोआप गळत होती. सगळी वाद्यं थांबली, तो तुकडा पुन्हा सुरू झाला. आयुष्यभर ढोलांच्या शेजारी उभं राहिल्यानं माझ्या पायाचा अंगठा आपसूक ताल धरतो. तो धरून होता. ज्या, या, या, या. ज्या, या, या, या. आणि मग एक हाक आली, ती दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत.

अंगठा थांबला.

मी विज्याकडे पाहिलं. त्याची मान खालीच होती. मला वाटलं, भास झाला असेल. भासांच्या बाबतीत माझं मन अतिशय सुपीक आहे. कर्ण्यांमधून तो तुकडा पुन्हा आला, सुबक, मोजून कापलेला, आणि त्याच्या कडेला पुन्हा ती दुसरी हाक, न कापलेली, तिच्या ‘वि’सकट. माझ्या अंगावरचा एकूण एक केस उभा राहिला, अर्ध्या दाढीसकट. मला ओरडायचं होतं. ज्याच्या आवाजानं पोपट उडतात त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो एखाद्या चिमणीलाही ऐकू गेला नसता.

“विज्या. ही तालात नव्हती.”

त्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी सांगणार नाही. ते मला वाढवूनही सांगता येणार नाही. पंप कलंडला. तो तुरीत घुसला आणि त्याच्यामागे मी.

आत गेल्यावर दिशा नाहीशी झाली. फांद्या तोंडावर आपटत होत्या, फुलं कॉलरमध्ये शिरत होती, वाळलेला पाचोळा पायांखाली करकरत होता, आणि त्यातला आमचा कुठला आणि दुसऱ्या कुणाचा कुठला हे कळत नव्हतं. ऊन वरच, शेंड्यांवर राहिलं होतं. खाली हिरवट, पाण्याखालचा असावा तसा उजेड होता. मिरवणूक दूर गेली होती, पण ठोका जमिनीतून येतच होता. हाक मात्र आता येत नव्हती. हाक येण्यापेक्षा ती थांबणं किती भयंकर असतं! विज्या थांबला. त्याला कळत नव्हतं कुठे जावं. डावीकडे काहीतरी हललं, मोठं, सावकाश, घाई नसल्यासारखं, मग उजवीकडे. की दोन्हीकडे वाराच होता?

आणि मग त्यानं विचारलं. गाण्यातल्यासारखं तार सप्तकात नाही. आवाज फाटलेला, सुराचा पत्ता नाही, आणि त्याच्या घरच्या बोलीत.

“कुण छ? कुण छ रं?”

मधमाश्या गुणगुणत होत्या. मी माझ्याच हृदयाचे ठोके ऐकत होतो आणि ते इतके बेताल होते की मास्तरांनी पाहिजे तर त्यावर शोधनिबंध लिहावा. एक क्षण गेला. तो क्षण एवढा लांब होता की त्यात मी देवांना सांगून टाकलं, यापुढे मगर नाही, पोपट नाही, एकाचं एकच सांगीन.

“मं छू,” पुढून उत्तर आलं. अगदी जवळून.

तुरीच्या कडेला, जिथे कापसाचा पट्टा सुरू होतो, तिथे ती उभी होती. पाठ सरळ; कमरेला बांधलेली कापसाची ओटी तशीच भरलेली, हातात विळा. तिच्यासमोरची तूर मोडून एक वाट पडली होती, रुंद, ताजी. मोडलेल्या देठांतून अजून रस पाझरत होता, आणि त्या हिरव्या वासाखाली आणखी एक वास होता, उग्र, उबदार, ज्याला मी आजवर नाव दिलेलं नाही. विज्यानं तिच्या खांद्याला हात लावला. तिनं तो हात पाहिला, मग त्याचे अनवाणी, काटे भरलेले पाय पाहिले, आणि त्यांच्या बोलीत काहीतरी रागावून म्हणाली, बहुधा चपलांबद्दल.

घरी आलो तेव्हा उन्हं ओसरली होती. तिनं चूल पेटवली, काळा चहा ठेवला. विज्या उंबरठ्यावर बसून पायातले काटे काढत होता आणि मध्येच थांबून तिच्याकडे पाहत होता. चाहत्यांना काय सांगायचं, हा प्रश्न माझ्या खिशात तसाच होता. मला वाटलं, मी आज एक चौथी आवृत्ती ऐकली आहे, जिची कुठे नोंद नाही, जिच्यावर वाद घालायला कुणी येणार नाही. आणि ती सांगितली तर गजूभाऊ हसेल. धूर छपराखालच्या पाटाईपर्यंत चढून तिथेच घुटमळत होता. लांब कुठेतरी पुन्हा तो ठोका सुरू झाला, आणि विज्याची मान, शिकलेलं सगळं विसरून, झटकन चुलीकडे वळली. ती तिथेच होती. चहात गूळ टाकत होती.

माझ्यानं राहवलं नाही. दिवेलागण झाली होती, म्हणून नाव न घेता विचारलं, “याडी, काय होतं तिथं? डुक्कर होतं, का मोठे भाऊ?”

तिनं फडक्यानं भांडं उतरवलं.

“मले काय माईत,” ती म्हणाली. “मी तं विज्याची वाट पाहून राह्यलती.”